हाली आणि कलदार

मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले, की जालना मागे पडताच डोंगर दूर सरतात आणि दोन्ही बाजूंस काळ्या जमिनीचा विस्तार सुरू होतो. परतूर, सेलू, मानवत रोड अशी स्थानके घेत गाडी परभणीस येते. वेरूळ-अजिंठ्याचे प्रवासी अलीकडेच उतरून गेलेले असतात आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे यात्रेकरू पुढे जावयाचे असतात. केवळ पाहावयाचे म्हणून परभणीस उतरणारा मनुष्य विरळाच. आम्ही माघ महिन्यात तेथे आठ दिवस राहिलो, तेव्हा ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या गृहस्थांनीही पहिला प्रश्न हाच केला, की आमच्या गावी पाहण्यासारखे असे आहे तरी काय? आम्ही उत्तर दिले, "आपल्या देवघरातील डबा." त्यांस ती थट्टा वाटली. परंतु तो डबा पाहण्याकरिताच आम्ही गेलो होतो, आणि अशा डब्यांविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

जुनी नाणी जमविण्याचा छंद आपल्याकडे श्रीमंतांचा किंवा विद्वानांचा समजला जातो. वस्तुतः मराठवाड्यातील जुन्या घरांत ह्या छंदाचे साहित्य आयतेच पडलेले असते. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात मांडावयाचे रुपये, आजीच्या माळेतील पुतळ्या, धान्याच्या कणगीच्या तळाशी सापडलेला तांब्याचा तुकडा, ह्या सर्वांची गणना आपण 'जुने पैसे' एवढ्या दोन शब्दांत करून मोकळे होतो. परभणीकडे ह्या जुन्या पैशांना एक विशेष आहे, आणि तो समजण्यास थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे.

परभणी हा प्रांत हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. १९४८ च्या सप्टेंबरात ते संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली हा भाग मुंबई राज्यास जोडला गेला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. हे सर्वांस ठाऊक असते. पण ह्या संस्थानाचे नाणे वेगळे होते, त्याची टांकसाळ वेगळी होती, १९१८ पासून त्याच्या कागदी नोटाही वेगळ्या निघत व त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडी अक्षरेही छापलेली असत, ही गोष्ट आजच्या तरुण पिढीस सांगितली तर नवल वाटते. निजामी रुपयास लोक 'हाली' म्हणत. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. इंग्रज सरकारचा रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून तो 'कलदार'. परभणीच्या उत्तरेस वऱ्हाड; तो १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली गेलेला. त्यामुळे जिंतूरच्या बाजारात हाली चाले आणि थोडे उत्तरेस वाशिमकडे गेले, की कलदार. सेलू-मानवतचा कापूस मुंबईच्या व्यापाऱ्याने घेतला तर हिशेब कलदारात, आणि सरकारी सारा भरावयाचा तो हालीत. एकाच माणसाच्या कमरेच्या कशात दोन राज्ये नांदत असत.

ह्या दोहोंचा दर सात हालीस सहा कलदार असा धरीत. शंभर कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, हे कोष्टक जुन्या लोकांना तोंडपाठ असे. हा आकडा कोणी आकाशातून आणिलेला नाही. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम व त्यात चांदी शेकडा ८१.८; कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम व त्यात चांदी शेकडा ९१.७. वाचकांपैकी ज्यांस गणिताचा कंटाळा नसेल त्यांनी गुणाकार करून पाहावा. सात हालींत शुद्ध चांदी भरते सुमारे ६४ ग्रॅम, आणि सहा कलदारांतही तेवढीच. दर सराफाच्या तराजूतच ठरलेला होता.

आता ही नाणी ओळखावयाची कशी? फारशी किंवा उर्दू येत नाही म्हणून पुष्कळ लोक पहिल्या पावलालाच माघार घेतात. आम्ही सांगतो, की अर्ध्या तासात कोणासही कामापुरते वाचता येते. १९०३-०४ च्या सुमारापासून निघालेल्या हाली रुपयावर एका बाजूस चारमिनार आहे, ती तर लहान मूलही ओळखते. त्या चारमिनारच्या मधल्या कमानीत बारकाईने पाहावे. तेथे एक अक्षर दडलेले असते. वाटोळे डोके आणि खाली शेपूट असे अक्षर असेल तर तो 'मीम', म्हणजे मीर महबूब अली खान यांचा अंमल. तो १९११ साली संपला. उलट्या ३ च्या आकाराचे असेल तर तो 'ऐन', म्हणजे उस्मान अली खान, शेवटचे निजाम. एका अक्षरावरून नाण्याचा राजा कळतो. दुसऱ्या बाजूस मधोमध किंमत आणि भोवती टांकसाळीचे नाव असते. 'जर्ब' म्हणजे ठसा मारला, आणि 'फर्खुंदा बुनियाद हैदराबाद' म्हणजे शुभ पायावर वसलेले हैदराबाद.

सन वाचण्यास आकडे तेवढे ओळखावे लागतात. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली तरी आकडे आपल्याप्रमाणेच डावीकडून उजवीकडे वाचावयाचे. एक म्हणजे उभी रेघ. सात म्हणजे वर तोंड उघडलेली चिमटी, आठ म्हणजे तीच चिमटी पालथी. पाच हे उलट्या बदामासारखे. आणि शून्य म्हणजे नुसते टिंब. ह्या टिंबाने पुष्कळांस चकविले आहे. मिळालेला सन हिजरी असतो. त्यातून शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवावे, म्हणजे एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी सन येतो. उदाहरणार्थ, नाण्यावर १३४३ असेल तर शेकडा तीनप्रमाणे सुमारे ४० वजा जाता १३०३ उरतात, त्यांत ६२२ मिळविले की १९२५. हैदराबादच्या अनेक नाण्यांवर ९२ असा आकडा असतो; तो सन नव्हे. अरबी अक्षरांना ठरीव अंक असतात व 'मुहम्मद' ह्या नावाच्या अक्षरांची बेरीज ९२ होते, म्हणून तो आकडा तेथे घातलेला आहे. आमच्या यजमानांच्या घरातील दोन मुलांनी ही सारी विद्या एका संध्याकाळी आत्मसात केली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत डब्यातील सर्व रुपयांचे सन पाटीवर मांडून ठेविले. त्यांच्या आजोबांनी ते रुपये साठ वर्षे पूजिले होते, पण त्यांवर काय लिहिले आहे हे त्यांस त्या दिवशी प्रथम कळले.

सेलूस आम्ही गेलो तो प्रसंग मात्र इतका सरळ नव्हता. तेथे तीन भावांचे एकत्र कुटुंब, वाडा जुना, आणि वाटणीचे बोलणे नुकतेच सुरू झालेले. भांडीकुंडी झाली, शेत झाले. राहता राहिले देवघरातील रुपये. ते मोजले तेव्हा ६३ भरले. तिघांस एकवीस एकवीस, असा सोपा हिशेब धाकट्यांनी केला. थोरले म्हणाले, "नग मोजण्यात अर्थ नाही. सराफाकडे वजन करू, आटवू आणि जी चांदी निघेल ती तिघांत वाटू." व्यवहार पाहता थोरल्यांचेच बोलणे बरोबर होते, कारण त्या ६३ मध्ये ४१ हाली, १७ कलदार आणि ५ त्याहून जुने असे होते, आणि एकास सगळे कलदार व दुसऱ्यास सगळे हाली गेले असते तर पहिल्याच्या पदरी अधिक चांदी पडली असती. ज्या घरात सात हालीस सहा कलदार हा दर एके काळी पाठ होता, त्याच घरात तो विसरला गेल्यामुळे ही अडचण उत्पन्न झाली होती.

मग त्यांच्या आजोबांची चोपडी निघाली. तीत आत्याबाईंच्या लग्नाचा खर्च लिहिला होता. आत्याबाई दिल्या वाशिमकडे. आपल्या बाजूस लिहिले होते 'हाली ७००', आणि शेजारी व्याह्यांच्या समजुतीकरिता 'कलदार ६००'. ह्या शंभर रुपयांच्या फरकावरून मांडवात काय बोलणे झाले असेल ते वाचकांनी आपल्या मनाशी ताडावे. चोपडीत एवढेच आहे, की रक्कम दोनदा लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. घरातील मंडळींनी ती चोपडी अनेकदा चाळली होती. पण त्या दोन आकड्यांचा अर्थ त्यांस लागला नव्हता. एकाने तर आजोबांची बेरीज चुकली असावी असा तर्क केला होता.

रुपये ज्या फडक्यात बांधले होते ते सूनबाई धुण्यास टाकणार, तोच त्याच्या गाठीतून एक कागद निघाला. अक्षर मोडी. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते, म्हणून तो आमच्या हाती आला. त्यावर दीड ओळ होती, तिचा आशय असा, की हे पाच रुपये गंगाखेडच्या आजीचे, मोडू नयेत. पाच रुपये कोणते हे आता उघड झाले. त्यांतील एकावर नाके बसविल्याची खूण होती, म्हणजे तो कोणाच्या तरी गळ्यात होता. आणि त्याच्या एका बाजूस 'खुजिस्ता बुनियाद' अशी अक्षरे झिजूनही वाचता येत होती. हे औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, टांकसाळीचे मोगली नाव. रुपया औरंगजेबाच्या नावाचा होता. मोगल बादशहाचे नाणे, गोदाकाठच्या एका ब्राह्मण बाईच्या गळ्यात, आणि तेथून सेलूच्या देवघरात! त्या कागदावाचून ते सराफाच्या मुशीत अकरा ग्रॅम चांदी म्हणून गेले असते.

शेवटी काय ठरले ते सांगितले पाहिजे, कारण अशा ठिकाणी सर्व काही जतन झाले असे लिहिण्याचा मोह होतो. तसे झाले नाही. कलदारांपैकी सोळा सराफाकडे गेले. राणीछाप आणि पंचम जॉर्जचे रुपये बाजारात विपुल आहेत, आणि एका घरास त्या वेळी पैशाची गरज होती. सतरावा १९११ चा निघाला, तो आम्ही मुलांकरिता मागे ठेवविला. त्या वर्षीच्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरील पदकात हत्ती कोरला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांस तो डुक्कर वाटला. मोठा गवगवा झाला, सरकारने ते रुपये परत घेतले आणि १९१२ साली हत्तीस पुरेशी सोंड देऊन नवे काढले. हाली रुपये तिघांनी तेरा तेरा घेतले व उरलेले दोन आत्याबाईंच्या नातीस दिले. गंगाखेडच्या आजीचे पाच मात्र वाटले गेले नाहीत. ते कागदासह थोरल्यांच्या देवघरात आहेत.

सेलूहून पाथरी जवळच. पाथरीचे नाव अलीकडे साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे पुष्कळांच्या कानी आहे. पण नाणी जमविणाऱ्यास हे गाव दुसऱ्याच कारणाने स्मरते. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण असून त्याचे घराणे पाथरीच्या कुळकर्ण्यांचे होते, असे फेरिश्ता ह्या इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. पुढे बुऱ्हाण निजामशहाने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून पाथरी मागितली, वऱ्हाडच्या इमादशहाने ती दिली नाही, आणि त्यावरून दोन्ही राज्यांत लढाया झाल्या. निजामशाहीची म्हणून जी तांब्याची जाड, ओबडधोबड नाणी मिळतात, ती हातात घेतली म्हणजे हा सगळा भाऊबंदकीसारखा मामला आठवतो. नाणे दिसावयास सामान्य, किंमत थोडी. पण त्याच्या पाठीमागे कुळकर्ण्यांचे एक दप्तर उभे आहे.

गोदावरीच्या ह्या खोऱ्यात त्याहूनही जुनी नाणी निघतात. पैठण येथून वर नदीच्या अंगास आहे, आणि सातवाहनांची शिशाची व मिश्र धातूची हत्ती-छाप नाणी ह्या सर्व भागास परकी नाहीत. देवगिरीच्या यादवांची सोन्याची पद्मटंक नाणी वाटीसारखी खोलगट असून मधोमध कमळ आणि भोवती राजाचे नाव नागरी अक्षरांत ठोकलेले असते. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस आणिली आणि लवकरच चांदीच्या ऐवजी पितळ-तांब्याचे नाणे चालविण्याचा प्रयोग केला. लोकांनी घरोघर खोटी नाणी पाडली व तो प्रयोग फसला. ह्या मोठ्या नावांचा येथे उल्लेख करण्याचे कारण एवढेच, की पावसाळ्याच्या आरंभी गावाजवळच्या पांढरीतून किंवा पडक्या गढीच्या पायथ्यातून जे तुकडे उघडे पडतात त्यांत ह्यांपैकी कोणतेही असू शकते. शेतकरी पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात; तिच्यासोबत नाणीही जातात.

अशा सापडलेल्या नाण्याची खरी किंमत कशात असते हे सांगण्यास दोन दाखले पुरेत. परभणीच्या उत्तरेस हिंगोली, जी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होती. तिच्या पलीकडे वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीरजवळ तऱ्हाळे नावाचे खेडे आहे. तेथे १९३९ साली सातवाहन नाण्यांचा मोठा साठा निघाला, सुमारे दीड हजारांचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो तपासला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या याद्यांत नसलेली राजांची नावे हाती आली. दुसरा दाखला नाशिकजवळील जोगळटेंभीचा. तेथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची चांदीची १३ हजारांहून अधिक नाणी मिळाली, आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला होता. जिंकलेल्याचे नाणे न वितळविता त्याच्याच तोंडावर आपली मुद्रा उमटविली! गौतमीपुत्राने नहपानास जिंकल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? आता कल्पना करा, की ही तेरा हजार नाणी एकेक करून तेरा गावच्या सराफांकडे गेली असती. प्रत्येक नाणे खरे, प्रत्येकास चांदीचा भाव मिळाला असता, आणि तरीही ही हकीकत नाहीशी झाली असती. नाणी एकत्र होती आणि कोठे होती हे ठाऊक होते, म्हणूनच ती बोलली.

ह्याकरिता कायदाही आहे, आणि लोक त्यास उगाच भितात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. सरकारने तो ठेवून घेतला तर त्याचा मोबदला द्यावयाचा असतो. लपविल्यास मात्र शिक्षा. 'सरकारला कळले की सगळे जाते' ह्या समजुतीने माणसे रात्रीतून सोने-चांदी आटवितात, आणि मोबदलाही घालवितात, इतिहासही. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही परदेशी मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांनी ध्यानात ठेवावे.

परभणीहून परळीच्या लोहमार्गाने गंगाखेडकडे जाताना पोखर्णीच्या नृसिंहाचे स्थान लागते आणि मग गोदावरीचा पूल येतो. पुलावर गाडी येताच डब्यातील बायाबापड्या पदराच्या गाठी सोडून नाणी नदीत टाकतात. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. घाटावर यात्रा मोठी. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले, की मुले दोरीस लोहचुंबक बांधून ही नाणी ओढून काढतात. आम्ही एका मुलाचा दिवसभराचा संग्रह पाहिला. सगळे रुपये-दोन रुपये आजचे, पोलादाचे. चुंबकास तांबे लागत नाही, चांदी लागत नाही. म्हणून जुने जे काही आहे ते वाळूतच राहते. "बाळा, चाळणीने चाळून पाहिलेस का कधी?" असे विचारता तो म्हणाला, "काका, काळा पैसा निघतो, पण दुकानदार घेत नाही." असा एक काळा पैसा त्याच्या खिशात होता. तो निजामी दोन पैचा, मधोमध भोक असलेला. धातू वाचविण्याची निकड असलेल्या महायुद्धाच्या वर्षांत हा प्रकार निघाला. इंग्रजी भोकाचा पैसाही त्याच सुमाराचा, १९४३ पासूनचा. तांब्याने पाणी शुद्ध होते म्हणून पूर्वज नदीत पैसे टाकीत, अशी एक उपपत्ती हल्ली फार ऐकू येते. आम्हांस ती पटत नाही. वाहत्या गंगेस दोन पैशांच्या तांब्याने काय होणार? श्रद्धेस शास्त्राचा आधार दिल्यावाचून चैन पडत नाही हा आपला नवा स्वभाव आहे.

परभणीस परत आलो तेव्हा तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरला होता. तेथे खेळणी आणि मिठाई यांच्यामध्ये एक विक्रेता चादर पसरून जुनी नाणी विकीत होता. त्यांत हाली पैसे खरे होते. पण गर्दी होती ती निराळ्याच मालाभोवती. 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा' असे लिहिलेली, वर राम-सीता किंवा मारुती कोरलेली चकचकीत नाणी! देवादिकांच्या प्रतिमांची ही आण्या-अर्ध्या आण्याची नाणी कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीत निघालेली नाहीत. कंपनीचे सर्वत्र एकसारखे नाणे मुळी १८३५ पासूनचे. ही चकत्या तीर्थाच्या गावी प्रसादाप्रमाणे विकण्याकरिता पाडतात, आणि कित्येक घरांत त्या लाखमोलाच्या ठेव्यासारख्या जपल्या जातात. तितकीच फसवी दुसरी गोष्ट म्हणजे, तुमच्या घरातील अमुक छापाच्या पाच रुपयांस आम्ही लाखो रुपये देतो, आधी तेवढी नोंदणीची रक्कम पाठवा, असे दूरध्वनीवरून येणारे निरोप. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली ह्याविषयी लोकांस सावध केले आहे. बँक असे कोणतेही शुल्क घेत नाही व कोणास घेण्याचा अधिकारही देत नाही.

ज्यांस ह्या छंदाचा आरंभ करावासा वाटेल त्यांनी एक पैचीही खरेदी करू नये. आधी घरचे पाहावे. दिवाळीस चिंच आणि राखेने नाणी घासण्याचा जो प्रघात आहे तो ह्या कामी शत्रू समजावा. तांब्यावरील काळा-हिरवा थर हा मळ नव्हे. तो शे-दोनशे वर्षांनी चढविलेला असतो व घासताना त्याच्यासह अक्षरे जातात. पूजेचे घासावयाचेच असेल तर त्याकरिता दोन रुपये निराळे ठेवावेत. प्रत्येक नाणे कागदाच्या पुडीत ठेवावे, एकावर एक रचू नये, आणि पुडीवर लिहावे: कोणाकडून आले, कोठे सापडले, केव्हा, वजन किती. ही शेवटची ओळ लिहिण्याचा कंटाळा सर्वांस येतो. सेलूच्या मंडळींच्या आजोबांनी तो केला नाही.

घरातील स्त्रियांनीही आपल्या माळेकडे एकदा भिंगातून पाहावे. पुतळीवर दोन उभ्या आकृती दिसतात, त्यांस आपण राम-सीता म्हणतो. ह्या पुतळीचे मूळ इटलीतील वेनिस शहराच्या सोन्याच्या मोहरेत आहे. ती मोहर १२८४ पासून पाचशे वर्षे निघत राहिली. तिच्यावर वेनिसचा अधिपती संत मार्कपुढे गुडघे टेकून ध्वज घेत असतो. मिऱ्यांच्या व मलमलीच्या बदल्यात ती मोहर आपल्या किनाऱ्यास आली, सोने चोख म्हणून सोनारांनी तिची नक्कल केली, आणि नकलेची नक्कल होता होता संत मार्क रामचंद्र झाले. सासूबाईंच्या माळेत एखादी पुतळी बाकीच्यांहून पातळ आणि तिच्यावरील अक्षरे परकी असतील, तर ती अस्सल वेनिसची असण्याचा संभव आहे. तेवढी एक मोडीस देण्यापूर्वी कोणास तरी दाखवावी.

दाखवावी कोणास, हा प्रश्न आम्हांस परभणीत अनेकांनी केला. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाण्यांच्या अभ्यासाची संस्था १९८० पासून आहे व तेथे संग्रहालयही आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा विभाग आहे. भारतीय मुद्रा परिषद १९१० पासून चालत आली असून तिचे कार्यालय वाराणसीस आहे. नाणे स्वतः टपालाने पाठवू नये. दोन्ही बाजूंचे छायाचित्र, सराफाच्या काट्यावर काढलेले वजन, व्यास आणि नाणे कोठून आले ती हकीकत, एवढे पाठविले म्हणजे पुरते. छायाचित्र घेताना नाण्याशेजारी पट्टी ठेवावी आणि उजेड एका बाजूने तिरपा पडेल असे करावे. समोरून उजेड पडला, की झिजलेली अक्षरे दिसत नाहीत.